सोन्याच्या गावाला निघताना

तळहातावर दही पडलं की अंगातून एक गार शिरशिरी जाते. वर साखरेचे चार कण. ते दाताखाली कुरकुरतात न कुरकुरतात तोच विरघळतात, आणि माणूस प्रवासाला निघतो. निघणं इतकं गोड असावं असं आपल्या पूर्वजांना का बरं वाटलं असेल? की ते मुळीच गोड नसतं हे पुरतं ठाऊक असल्यामुळेच त्यांनी ही युक्ती योजली? गेले कित्येक रविवार मी हे दही खाते आहे, आणि अजून कुठंही निघालेली नाही.

इथं जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला विनायकभावजींच्या घरी आम्ही चौघं जमतो: भावजी, सुनंदावहिनी, आमचे हे आणि मी. भावजी आणि हे तरुणपणी एकाच कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले आणि पाठोपाठ निवृत्त झाले. आमच्या साऱ्या सहली आखल्या त्या भावजींनीच. आधी पिठलं-भात, मग टेबल पुसून कोरडं करायचं, मग त्यावर नकाशा पसरायचा. मोबाइल रस्ता सांगू लागला तरी त्यांची कागदावरची निष्ठा ढळली नाही, आणि रस्ता चुकण्याचा नेमही मोडला नाही. चुकून भलत्याच गावात शिरलो की "हेच तर दाखवायचं होतं" असं म्हणण्याचं धैर्य त्यांच्याकडे होतं!

निवृत्तीनंतरची मोठी सहल त्यांनी केव्हाच मनात धरली होती. कॅलिफोर्नियाच्या उजाड डोंगरांत सोन्यासाठी वसलेलं आणि सोनं संपल्यावर ओस पडलेलं एक लाकडी गाव. माणसं सोडून गेली तशीच घरं तिथं जपून ठेवली आहेत. टेबलावर बशा, दुकानात डबे, पलंगावर विटलेली गादी. जपणाऱ्यांचा नियम असा, की घर पडू द्यायचं नाही, पण नवंही करायचं नाही. भिंत कलली तर टेकू द्यायचा, रंग म्हणून लावायचा नाही. "आपणही सोन्यामागेच आलो की इकडे," भावजी हसत म्हणायचे, "सोनं संपल्यावर काय उरतं, ते बघून तरी येऊ."

आणि मग भावजींची स्मृती झिजू लागली. आधी नावं गेली, मग वार गेले. इतकी वर्षं सराईतपणे बोललेली जर्मन भाषाही गेली. 'बरोब्बर' या अर्थाचं एक 'गेनाऊ' तेवढं मागे राहिलं. मुलगा बर्लिनहून भेटायला येतो. त्याला मराठी कळतं, पण ओठांवर जर्मनच येतं. मग बापलेक एकमेकांकडे नुसते पाहत बसतात. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं, त्या दिवशी वहिनींनी स्वेटरच्या बाहीला डोळे पुसले. "मला ओळखतायत तोवर त्यांना ते गाव दाखवायचं होतं गं," एवढंच त्या म्हणाल्या.

पण भावजी डॉक्टरांचा नकारसुद्धा विसरले! पुढच्याच रविवारी नकाशा पसरून त्यांनी विचारलं, "मग, कधी निघायचं?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तेव्हा, भावजी." झालं! तेव्हापासून ही सहल दर रविवारी नव्यानं आखली जाते. दशम्या कुणी करायच्या, शेंगदाण्याची चटणी कुणी, विमानात खिडकी कुणाला. या खिडकीवरून तर आमचे हे दर वेळी खरेखुरे भांडतात. उठताना वहिनी दही-साखर देतात, कारण भावजींच्या लेखी उद्याच निघायचं असतं. आमच्या दोन घरांत एकच विरजण वर्षानुवर्षं फिरतं आहे. एकीचं दही बिघडलं की दुसरीकडून वाटी येते. हा सगळा खोटेपणाच नव्हे का? असेलही. पण कललेल्या भिंतीला टेकू देणाऱ्याला खोटारडा कोण म्हणेल? वहिनींना तरी तसं कधी मी विचारलं नाही.

परवाच्या रविवारी द्राक्षमळ्यांच्या उतारावर धुकं दाटलं होतं. वहिनी वाटी घेऊन आल्या, तर ती भावजींनी त्यांच्या हातातून घेतली. यांच्या हातावर दही घातलं, माझ्या हातावर घातलं. मग वहिनींकडे वळून ते क्षणभर थबकले आणि परक्या घरच्या पाहुणीशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले, "अहो ताई, तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर. आमच्या सुनंदाला सोबत होईल."

जन्मभर ज्यांच्या तोंडून 'अगं' ऐकलं, त्यांच्याच तोंडचा तो 'अहो' त्या बाईनं कसा सोसला असेल! हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. माझे डोळे भरून आले. वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी उजवा तळहात पुढे केला, त्याखाली डावा धरला आणि विचारलं, "येईन की. पण तुमच्या सुनंदाला चालेल ना?"

"गेनाऊ," भावजी म्हणाले, "तिला माणसं फार आवडतात."

आणि त्यांनी वहिनींच्या हातावर दही घातलं, आमच्यापेक्षा अंमळ जास्तच.

निघणाऱ्याच्या हातावर घरच्यांनी दही घालायचं, अशी आपली रीत. आम्ही इतके रविवार कुठंच गेलो नाही, असं मी समजत होते. पण एक जण तर केव्हाचाच निघाला होता, आणि परवा त्यानंच मागे राहणाऱ्यांच्या हातांवर दही घातलं. वहिनींनी ते शांतपणे खाल्लं, मग मीही खाल्लं. गार होतं, आणि साखर अजून विरघळायची होती.