बोंबलांच्या जोड्या

हे सांगायचं मी बारा वर्षं टाळलं. आज सांगतोच!

रेवदंड्याला आमच्या दारावर एक कोळीण मासळी घेऊन यायची. पाटी उतरवण्याआधी तिचा आवाज घरात शिरायचा. भाव करताना ती नजर वर उचलायची नाही, पण घरातलं सगळं तिला दिसायचं. मी गणिताचा मास्तर. मुलगी दहावीत. पहाटेपासून तिला सराव पेपरांना बसवायचो. वही समोर आली की पोरीला उलटी व्हायची, जेवण सुटलं होतं.

"गुरुजी, पोर वाकटीसारखी सुकली हाय. तुमाला दिसत न्हाय?"

"तू मासळी दे," मी म्हणालो.

एकदा मी शाळेत असताना ती मुलीला सरळ किनाऱ्यावर घेऊन गेली. शेजाऱ्यांकडून कळताच मी धावत पोचलो, तर काय! एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवत पोरगी दोरीवर जोड्या वाळत घालत होती, भराभर. "बाबा, शंभर झाले!" ओरडली. किती महिन्यांनी ऐकला तो आवाज! तिथेच तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आणि मी सगळ्यांदेखत त्या बाईला अडाणी म्हणालो. तिला दार बंद केलं. पहाटेचे पेपर मात्र दुसऱ्याच दिवशी थांबवले, कुणाला न सांगता.

बाजारात ती अजून भेटते. "गुरुजी, पोर जेवते ना?" विचारते.

"जेवते," म्हणतो आणि पिशवी पुढे करतो.

"बाई, अडाणी मी होतो," एवढं काही तोंडातून निघत नाही.