देवीला दाखवलेलं काश्मीर

पावणे गावातल्या आमच्या बिल्डिंगचे मालक नामदेवकाका. त्यांची नक्कल करायची तर पोट पुढे काढायचं, हनुवटी गळ्यात रुतवायची आणि नाकातून म्हणायचं, "माना शिकवू नको!" माना म्हणजे मला. झालं. उरलेले काका म्हणजे गळ्यातली चेन.

काश्मीरला जायचं ठरलं तेव्हा पुतण्या मितेशने आपला डिजिटल कॅमेरा पुढे केला. "हा न्या, काका. फोटो लगेच दिसतो. वाईट आला तर परत काढा, टेन्शन नाय."

"लगेच दिसतो म्हनजे दम नाय त्यात. रोलचा फोटो कसा, मुरतो. लोनच्यासारखा."

हे ज्ञान मोबाईलवरच्या कुठल्याशा व्हिडिओतलं. काकांनी एक जुना रोलचा कॅमेरा पैदा केला आणि फर्मान काढलं: टूरवर मोबाईलने फोटो काढायचा नाही. कॅमेऱ्याचा अपमान होतो.

बायको सुमित्राबाई, म्हणजे आमच्या काकू. त्यांना एकच हवं होतं, बर्फातला एकटीचा फोटो. घरातल्या प्रत्येक फोटोत काका मधोमध आणि काकू कडेला, अर्धा खांदा फ्रेमबाहेर. "या टायमाला भिंतीवर माझा एकटीचा लागनार," असं अख्ख्या आळीला सांगून त्या विमानात बसल्या.

गुलमर्गला काकांनी त्यांना इतका वेळ उभं केलं, की घोडेवाला येऊन विचारून गेला, माताजी ठीक हैं ना? "हलू नको गो! रोल वाया जाल!" काकू हलल्या नाहीत. परत आल्या त्या नाकाचा शेंडा सोललेला घेऊन.

घरात पाऊल टाकायच्या आधी गावदेवी. गावची रीतच तशी. नवी गाडी असो की नवं मंगळसूत्र, आधी आईच्या नजरेखालून जायचं. केशर, अक्रोड ठेवून झाले. मग भर उन्हात, देवळाच्या पायरीवर, काकांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं.

"काका, नको!" मितेश ओरडला.

"माना शिकवू नको! आईच्या आदी स्टुडिओवाल्यानी बघाचा का?"

सरसर रोल ओढला, दोन्ही हातांनी देवीपुढे धरला, मग स्वतः उन्हाकडे धरून पाहिला. लग्नाच्या फोटोंच्या पट्ट्या त्यांनी अशाच पाहिल्या होत्या. त्या स्टुडिओत धुऊन आलेल्या होत्या, एवढं मात्र डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

"काय दिसत नाय रं."

"आता दिसनार पन नाय. ऊन लागलं. अख्खा काश्मीर पुसला तुमी."

आळी पोट धरून हसली. मी तिथल्या तिथे हाराचा दोरा दोन हातांत ताणून काकांची पोज करून दाखवली. काकूंनी फक्त सोललेल्या नाकाला हात लावून पाहिला.

इभ्रत गेली की काकांचं डोकं चालतं. रविवारी शाल, स्वेटर, गॉगल चढवून काकूंना एमआयडीसीतल्या ओळखीच्या बर्फाच्या कारखान्यात नेलं आणि लाद्यांपुढे उभं केलं. "हस गो! गुलमर्ग हाय, समज!"

तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लागला. काकू एकट्या, बरोब्बर मध्ये. कोपऱ्यात फक्त लादी ओढायचा आकडा आणि हाफ चड्डीतला अर्धा कामगार.

परवा काकांच्या मुलीच्या सासरचे आले. चहाच्या आधी काकांनी त्यांना भिंतीपुढे उभं केलं. "गुलमर्ग! रोलचा फोटो. बघा कसा मुरलाय." आम्ही पोरं दारात कान लावून.

विहीणबाईंनी काकूंना विचारलं, "फार थंडी होती का हो?"

काकूंनी ट्रे खाली ठेवला. आवाज इतका गोड, की मला अजून काढता येत नाही.

"तिकडं नव्हती एवडी. या बर्फाच्या कारखान्यात लय व्हती."

काकांनी तोंड उघडलं. "माना..." एवढंच म्हणून ट्रेमधला कप उचलून तोंडाला लावला.