करपलेल्या कापडाचा वास

मी म्हैसूरजवळ येलवालच्या शाळेत सायन्स शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांचा विषय निघाला, की सगळ्यांत जास्त टिंगल मीच करायचे. तेव्हा आता तुम्ही माझी केलीत तरी चालेल.

म्हैसूरला आमचं टेलरिंगचं दुकान आहे. आमचे हे आणि माझे धाकटे दीर, दोघं मिळून चालवतात. गेल्या वर्षी हे डोकं धरून दुकानातच कोसळले. मेंदूभोवती रक्तस्राव... डोक्याचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले, मला ओळखलं, मी ढसाढसा रडले. त्याच दुपारी वॉर्डात मला कापड करपल्याचा वास आला. इस्त्री शर्टावर विसरल्यासारखा. "इथं कुणी इस्त्री करतंय का?" मी नर्सला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली – आणि मागे पलंग खडखडायला लागला. यांना पहिली फिट आली होती.

जागरणानं माझंच डोकं ठिकाणावर नाही, असं म्हणून मी तो वास सोडून दिला. कुणाला बोललेही नाही.

गोळ्या सुरू झाल्या. हे हळूहळू चालायला लागले, आणि मग हट्टानं दुकानात जायला लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोक्याला मार लागता कामा नये. मला वर्गात काही सुचायचं नाही. एके दिवशी फळ्यावर लिहिताना तोच वास आला... घशाशी येईल इतका. खिडकीबाहेर तर नुसती शेतं! मुलींना विचारलं. "इल्ला मिस," म्हणत त्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

मी तशीच बाहेर येऊन भावोजींना फोन लावला.

"हे कुठायत?"

"हितंच की वैनी. इस्त्री बघाय उठलाय अण्णा. सारखं उठतोय, सुम्ने, उगंच. इस्त्री बंदच हाय."

"भावोजी, धरा त्यांना! आधी खाली बसवा!"

फोन आपटल्याचा आवाज आला. मग नुसतं भावोजींचं "अण्णा! अण्णा!"

फिट आली, पण ती भावोजींच्या हातात. दगडी कट्ट्याचा कोपरा यांच्या डोक्यापासून वीतभर लांब होता.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी यांना विचारलं, फिट यायच्या आधी काही जाणवतं का?

"कापड करपल्याचा वास येतोय सार. म्हणून तर इस्त्री बघाय उठतो."

तोच वास! शिंप्याला असा वास आला तर तो इस्त्रीकडेच धावणार, डॉक्टरांना कशाला सांगेल? घरात हे कधी बोललेच नव्हते.

डॉक्टर म्हणाले, फिटच्या पेशंटला असा भास होऊ शकतो. "आणि मला?" मी विचारलं. त्यांनी माझंही स्कॅनिंग करून घेतलं. काही निघालं नाही.

आता यांच्या गोळ्या कमी झाल्यात. रोज सकाळी निघताना हे दारात थांबतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "वास येत नाही ना गं?"

"नाही," मी म्हणते.

अजून तरी "हो" म्हणायची वेळ आलेली नाही.