सासऱ्यांची दाढी

माझे सासरे रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या गँगवर मुकादम होते. बरीच नोकरी त्यांनी घाटाखाली, उंबरमाळीच्या बाजूला केली. पेन्शनीत निघून मुरबाडजवळच्या आमच्या गावी आले ते दोन वस्तरे घेऊन. एक देशी, जाड पात्याचा. दुसरा विलायती, काळ्या मुठीचा; मायदेशी जाणाऱ्या एका गोऱ्या ड्रायव्हरने दिलेला. देशी वस्तरा पेटीतच असे. दाढी विलायतीनेच, आणि स्वतःच्याच हाताने. गावचा न्हावी केस कापून दाढीकडे वळला की सासरे उठून उभे राहत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी सासूबाईंनी करून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. अर्धी मिशी गेली. सासऱ्यांनी आरशात पाहिलं आणि उरलेली अर्धीही काढायला सांगितली. मग रविवारी आमचे हे कल्याणहून आले. बापाच्या गालाला पातं लावायचा यांना धीर झाला नाही. वस्तरा मिटून ठेवला.

दाढी वाढत गेली. एक दिवस टोकावड्याकडे निघालेल्या म्हातारीने ओटीवर बसलेल्या सासऱ्यांना गोसावी समजून हात जोडले आणि नातवासाठी अंगारा मागितला. सासऱ्यांनी तो चुलीतून आणवून दिला. ती गेल्यावर सासूबाईंना म्हणाले, "सुनेला सांग, वस्तरा घे. तिचा हात बरा हाय. भाजी चिरते ती बघतो मी."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगत. मग तिघंही एकाच ओटीवर का असेनात.

मी पदर कमरेला खोचला आणि वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर धारेला लावायला घेतला. सासरे म्हणाले, "तिला सांग, धार पुढं करून नाय ओढायचा. पट्टा फाटंल."

"धार पुढं करून नाय ओढायचा गो," सासूबाई म्हणाल्या. त्या म्हणेपर्यंत मी वस्तरा हातात धरून थांबले होते.

गाल नीट झाले. मी गळ्याशी आले तेव्हाही त्यांचं चालूच होतं. तिला सांग, कातडी ताण. तिला सांग, वरून खाली. प्रत्येक शब्दाला गळ्याची घाटी पात्याखाली वर-खाली होत होती.

"बोलू नका," मी म्हणाले.

सासूबाईंनी सवयीने त्यांच्याकडे तोंड वळवलं. "ती म्हणते, बोलू नका."

"ऐकलं," सासरे म्हणाले आणि गप्प बसले. हनुवटीला थोडं रक्त आलं. तुरटी लावली.

पुढे दर बाजारच्या दिवशी मीच त्यांची दाढी करू लागले. निरोप पोचवायचं काम उरलं नाही, म्हणून सासूबाई चुलीकडे निघून जात. गालावर साबण असेपर्यंत आम्ही बोलायचो. मी पातं पुसायला थांबले की ते बोलत. माझ्या शहापूरच्या माहेराची चौकशी करत. साबण पुसला की मी पदर डोक्यावर घ्यायची आणि ते आत हाक मारून सांगत, "तिला सांग, तांब्याभर पाणी दे."

बरीच नोकरी घाटाच्या पायथ्याशी काढलेल्या या माणसाला बोगद्याची भीती वाटायची, हे मला त्या दाढीच्या वेळीच कळलं. सासूबाईंना ते ठाऊक नव्हतं.