स्नोमोबाईलची मागची सीट

जायचं मायानं ठरवलं. माया माझी बायको. दवाखान्यातून अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावी घरी परतताना तिनं गाडीत सावकाश, एकेक शब्द जुळवत सांगितलं, "अहो, यलोस्टोनला जाऊ. बर्फात."

तिच्या मज्जातंतूंच्या आजाराचं नाव कळून फार दिवस झाले नव्हते. उजवा हात जवळजवळ गेला होता, पाठीत जोर नव्हता, आणि आवाज उतरत चालला होता. सकाळी बोलणं कळायचं. संध्याकाळी फक्त मला कळायचं, कधी मलाही नाही. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, पुढं श्वास अडायला लागला तर मशीन लावायचं का. माया म्हणाली, "विचार करून सांगते." घरी आल्यावर मी पुन्हा विचारलं. "सांगते नं," एवढंच बोलून तिनं डोळे मिटले.

हिवाळ्यात यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानातले बहुतेक रस्ते गाड्यांना बंद असतात. आत जायचं तर पट्ट्यावर चालणाऱ्या बर्फगाडीत बसून, नाहीतर वाटाड्याबरोबर स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फावरच्या मोटारसायकलवर. मला बर्फगाडी बरी वाटत होती. माझ्या ऑफिसातला निखिल आणि त्याची बायको तन्वी आमच्याबरोबर येणार होते. दोघं पुण्याचे, नवीन लग्न झालेले. निखिलला यंत्रांचं वेड.

"काका, स्नोमोबाईलच घ्या. पार्कात आता फोर-स्ट्रोकच चालतात. टू-स्ट्रोक म्हणजे आपल्या जुन्या स्कूटरची थोरली बहीण. ऑइल मिसळलेलं पेट्रोल, निळा धूर, आणि नुसती बोंबाबोंब. फोर-स्ट्रोकवर तुम्ही काकूंशी भांडूसुद्धा शकता!"

"निखिल, गप ना यार," तन्वी म्हणाली.

मी विचारलं, "मागच्याचं बोलणं खरंच ऐकू येतं?"

"आरामात."

मी बुकिंग केलं ते या एका शब्दावर.

बॉथेलहून निघालात तर पहिला मुक्काम मिझुलाला करा, एका दिवसात सगळं अंतर कापायच्या भानगडीत पडू नका. स्नोक्वाल्मी घाटात बर्फ होतं, पण रस्ता उघडा होता. चाकांना लावायच्या साखळ्या डिकीत ठेवाव्याच लागतात, आणि त्या चढवायची सवय घराच्या अंगणात करून घ्यावी. स्पोकेनपर्यंतचा भाग ओसाड, नंतर आयडाहोतले डोंगर. नकाशाची छापलेली पानं तन्वीच्या मांडीवर होती. वाटेत शाकाहारी माणसाला बटाट्याशिवाय फारसं काही मिळत नाही. आम्ही पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. मायाला गिळायला त्रास व्हायचा, म्हणून तिच्यासाठी थर्मासमध्ये पातळ मुगाची खिचडी. पेट्रोलपंपाच्या कडेला गाडी थांबवून मी तिला भरवायचो आणि निखिल-तन्वी काचेबाहेर उगाच डोंगर बघत उभे राहायचे. भली पोरं.

दुसऱ्या दिवशी बोझमनवरून नदीच्या कडेकडेनं वेस्ट यलोस्टोनला पोचलो. गाव छोटं, गल्ल्यांमधून लोक स्नोमोबाईलवर किराणा आणायला जातात. राहायला महागडं हॉटेल घ्यायची गरज नाही, खोलीत मायक्रोवेव्ह आहे का तेवढं विचारा. मी खिडकीत बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली आणि आम्ही वंदना म्हटली. त्रिशरण म्हणताना मायाचा आवाज मधेच विरून गेला. मी थांबलो. तिनं हातानं खूण केली, पुढं म्हणा.

सकाळी उणे तापमानात स्नोमोबाईल ताब्यात मिळाली. भाड्यात हेल्मेट, बूट, जाड पोशाख धरलेला आहे का ते आधी विचारून घ्या. एका गाडीवर दोघं बसलात तर बरंच स्वस्त पडतं. आता गाडीविषयी. चावी फिरवली की सुरू, दोरी ओढावी लागत नाही. गिअर नाहीत, उजव्या अंगठ्यानं खटका दाबला की चालते. मागं घ्यायला बटण आहे. इंजिन पाण्यानं थंड होणारं, वजनदार, त्यामुळं वळणावर गाडी जरा सुस्त. पण सरळ वाटेवर पाळण्यासारखी जाते. पुढं उंच काच आहे, वारा छातीवर येत नाही. हँडलच्या मुठी आतून तापतात, अंगठ्याच्या खटक्यालासुद्धा ऊब आहे. मागच्या माणसाची सीट थोडी उंच, तिला पाठ टेकायला गादी, आणि त्याच्यासाठी वेगळ्या तापणाऱ्या मुठी, वेगळं बटण. मायाला त्या सीटवर बसवून मी पट्ट्यानं सैलसर बांधलं. तिनं पाठ टेकली आणि कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आले. गाडी बनवणाऱ्यांना कुठं माहीत, ती गादी कुणाच्या पाठीला लागली.

आमची वाटाडी म्हणजे जोडी नावाची धिप्पाड अमेरिकन बाई. हेल्मेट घालणार तेवढ्यात माया म्हणाली, "अहो, कान बांधा."

आमच्यासारख्या भंडाऱ्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उन्हाळ्यातली झळ असो की पौषातली थंडी, कानाला दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचा गमछा, बांधल्याशिवाय आम्ही गावाची वेस ओलांडत नाही. सगळे आजार कानातून शिरतात ही आमची खात्री. मी पिशवीतला दुपट्टा काढला, दुहेरी घडी करून माझ्या कानांवरून गच्च बांधला, आणि माझ्या मापाचं हेल्मेट बसेना म्हणून एक माप मोठं मागितलं. जोडी हसली. "याची गरज नाही. हेल्मेट चांगलं गरम असतं."

"बायकोचा हुकूम आहे," मी म्हणालो.

"मग बांधाच!"

मायाही हसली. तिचं ते हसणं अजून माझ्यासमोर आहे.

मॅडिसन नदीच्या काठानं वाट जाते. झाडं बर्फानं वाकलेली, पाण्यातून वाफ, वाफेत हंस. पुढं रस्त्यावर गवे उभे होते, दाढीला बर्फाचे खडे लोंबत होते. जोडीनं हात वर केला, सगळ्यांनी इंजिनं बंद केली. गवे आमच्या अगदी शेजारून चालत गेले. मी मान वळवून मायाकडं पाहिलं तर तिच्या हेल्मेटची काच आतून पांढरी झालेली. मी ती वर केली, रुमालानं पुसली. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. बाकी कुणाची काच इतकी धुरकटत नव्हती.

"तोंडानं श्वास घेतायत का त्या?" जोडीनं विचारलं.

मी घाबरलो. श्वास अडायला लागला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, आणि तोही इथं, असं वाटलं. माया मान हलवून 'काही नाही' म्हणत होती. मी वेग कमी केला. मनात त्रिशरण चालू ठेवलं. कानात नुसती एक गुणगुण होती. मी समजलो, इंजिन.

दुपारी ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या फवाऱ्यापाशी पोचलो. पाणी उसळलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मायाला लॉजच्या शेकोटीजवळ बसवून मी दुपट्टा सोडला. तन्वी सूप घेऊन आली.

"काका, काकूंनी आज काय एवढं सांगितलं? आम्ही मागं होतो ना. गेटपासून त्यांचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटला टेकलेलं आणि सारखं हलत होतं. मी निखिलला म्हटलं, बघ, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी गप्पा संपत नाहीत. नाहीतर तू!"

माझ्या हातातला दुपट्टा तसाच राहिला.

गावी आमच्या घरात माणसं फार. नवराबायकोनं चारचौघांत बोलायची सोय नव्हती. मोटारसायकलवर तिला माहेरी न्यायचो तेव्हाच मायाला बोलायला मिळायचं. पोटातलं बाळ राहिलं नाही हे तिनं मला मोटारसायकलवर सांगितलं. अमेरिकेला जायचं असेल तर जाऊ, हेही तिथंच. मागच्या सीटवर बसून ती दुपट्ट्याची कड बोटानं वर करायची आणि माझ्या कानात बोलायची. समोरासमोर तिला मोठं काही बोलताच यायचं नाही. आता तिच्या बोटांत ती कड उचलायचा जोर नव्हता. आणि कड हेल्मेटच्या आत होती.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. "माया, मला काही ऐकू आलं नाही गं. काहीच नाही. परत सांग."

तिनं माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेली होती, ओठ नीट मिटत नव्हते. मग आवाज आला, तुटका.

"सगळं... सांगून झालं."

परतीच्या वाटेवर मी दुपट्टा बांधला नाही. हेल्मेट खरंच गरम होतं. इंजिन इतकं हळू वाजत होतं की बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्याचा आवाज येत होता. निखिल खोटं बोलला नव्हता. मागून एक शब्द आला नाही. प्रत्येक थांब्यावर मी वळून पाहिलं. तिची काच स्वच्छ होती.

घरी आलो त्याला आता बरेच आठवडे झाले. झाडांना पालवी आली आहे. मायाचा आवाज पूर्ण गेला. डॉक्टरीणबाईंनी मशीनचं पुन्हा विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडं न बघता मान हलवली. नाही. का नाही, माझं काय, माझ्यावर राग आहे का, गावी न्यायचं का, हे सगळं त्या वाटेवर तिनं सांगितलं असेल. मी एकेक प्रश्न विचारतो, ती डोळे मिटून घेते. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची तिला कधीच सवय नव्हती. सगळं अनित्य आहे हे मी लहानपणापासून विहारात ऐकत आलो. ते समजलं असं मला वाटायचं. संध्याकाळी वंदना म्हणताना तिचे ओठ हलतात, मी कान अगदी जवळ नेतो. गरम श्वास लागतो, बाकी काही नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: बुकिंग हिवाळा लागायच्या आधीच करा. मागच्या सीटला पाठ असलेलीच गाडी मागा. मुठींचं बटण मधोमध ठेवा, पूर्ण तापवलं तर हाताला घाम येऊन नंतर गारठतात. आणि घरून कुणी कितीही आग्रह केला तरी हेल्मेटच्या आत कान बांधू नका.