सासूबाईंच्या दोन जन्मतारखा

गुरुजींनी फोनवर सांगितलं, "काकू, तीन पिढ्यांची नावं आणि गोत्र व्हॉट्सॲप करून ठेवा. गोत्र नसेल तर काश्यप चालतं. नावं नसली तरी मॅनेज करू."

गुरुजी आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करतात आणि शनिवार-रविवारी आमच्या श्रूजबरीतल्या मराठी घरांमधून पूजा सांगतात. माणूस भला आहे, पण ते 'मॅनेज करू' माझ्या डोक्यात गेलं. माझा नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. तो पोलिश घराण्यातला, इथेच अमेरिकेत जन्मलेला, देवाधर्माच्या वाटेला न जाणारा. सर्वपित्री अमावस्येला त्याच्या नावानं पाणी सोडायचं हा हट्ट सर्वस्वी माझा. पण सोडायचं तर नीट, त्याच्या सगळ्या माणसांसकट. परक्या मंत्रांच्या गर्दीत तो एकटा काय करेल, असं मला खरोखरच वाटायचं.

आता त्याची माणसं शोधायची म्हणजे कर्मकठीण. पणजोबा पोलंडहून आले तेव्हाचं आडनाव एका दमात म्हणता येऊ नये इतकं लांब. कापडगिरणीत कुणी मुकादमानं ते अर्ध्यावर आणलं. आजोबांनी नोकरीसाठी उरलेल्याची शेपटी छाटली. सासऱ्यांनी तर ते असं घासूनपुसून घेतलं की ऐकणाऱ्याला इंग्रजच वाटावं. सासूबाईंच्या माहेरीही तीच तऱ्हा. माणूस चर्चमध्ये एका नावाचा, घरात दुसऱ्या आणि कारखान्यात तिसऱ्या. मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. ताटातल्या तांदळांत बोटानं नाव लिहून माझ्या आईला एका दुपारीत दुसरीच बाई करून टाकलं होतं.

तो सगळा उन्हाळा मी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरसमोर काढला. चर्चच्या जुन्या नोंदी स्कॅन केलेल्या होत्या. अक्षर किरटं, शाई उडालेली. घरी तरी काय होतं? संध्याकाळी गॅरेजचं दार उघडलं की घर खायला उठायचं. त्यापेक्षा ही मेलेली माणसं बरी, निदान एकेक करून सापडत तरी होती.

त्यात सासूबाईंच्या बाप्तिस्म्याच्या दोन नोंदी सापडल्या. नाव तेच, आईबाप तेच, मध्ये काही वर्षांचं अंतर. मी मनाशी हसले. आमच्या वडिलांच्याही दोन जन्मतारखा होत्या: एक खरी आणि एक शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी ठोकून दिलेली एक जूनची. त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला. इथल्या लोकांनीही तेच केलं असणार, असं मी धरून चालले आणि आधीच्या नोंदीवर काट मारली.

सासूबाई नव्वदीच्या, वुस्टरजवळच्या एका नर्सिंग होममध्ये असतात. नजर गेली आहे, डोकं शाबूत. पोटचा मुलगा आपल्याआधी गेला हे त्यांनी कसं पचवलं, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. जमवलेली नावं मी त्यांना वाचून दाखवली. एक-दोन उच्चार त्यांनी दुरुस्त केले. मग मी चेष्टेनं म्हटलं, "तुमची चोरी पकडली बरं का. वय चोरताय तुम्ही. दोन-दोन जन्मतारखा सापडल्यात मला."

त्या हसल्या नाहीत. 

"पहिली माझी नाही," त्या म्हणाल्या. "ती माझ्या आधीची. चालायला लागली होती, घशाच्या आजारानं गेली. मग मी झाले आणि आईनं तिचं नाव मला ठेवलं. तेव्हा ठेवायचे तसं."

आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला दगडधोंड्यांचं नाव ठेवत, कुणाची नजर जाऊ नये म्हणून. गेलेल्या लेकराचं नाव जिवंत लेकराला द्यायचं, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. त्या सांगत होत्या: दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळं घर मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जायचं. वाचायला शिकल्यावर त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं ते त्या छोट्या दगडावरचं स्वतःचं नाव.

"तुमच्या त्या पूजेत तिला घे," त्या म्हणाल्या. "नव्वद वर्षं मीच वापरतेय ते नाव."

मी गुरुजींना फोन केला, म्हटलं, नाव दोघींचं एकच असलं तरी पाणी गेलेल्या बहिणीलाच जाणार. ते गडबडले. "काकू, जिवंत माणसाच्या नावानं पाणी सोडत नाहीत हो. तर्क बरोबर आहे तुमचा, पण माझ्या तोंडून ते नाव निघणार नाही. आपण नुसतं 'मावशी' म्हणू, नाव स्किप करू."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. नवऱ्याच्या माणसांपैकी सासूबाई एकट्याच उरल्या होत्या. त्यांच्या नावानं तीळ-पाणी सोडायचं म्हणजे आपण होऊन त्यांना तिकडे धाडल्यासारखं. गुरुजींचं म्हणणं मी भीतभीतच त्यांना सांगितलं.

"नावाशिवाय?" त्या म्हणाल्या. "त्या पोरीकडे दुसरं होतं काय?"

मग मात्र मी गुरुजींना स्पष्ट सांगितलं, तुम्ही गप्प राहा, त्या ठिकाणी नाव मी घेईन.

अमावस्येला सासूबाईंना व्हीलचेअरवरून घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताम्हन, काळे तीळ, समोर लॅपटॉपवर गुरुजी. नवऱ्याचं नाव आलं तेव्हा पाणी ताम्हनाऐवजी टेबलावरच सांडलं. सासरे झाले, आजेसासरे झाले, पणजोबा त्यांच्या मूळच्या लांबलचक आडनावासकट झाले. मग गुरुजी थांबले. मी नाव घेतलं, मोठ्यानं, आणि पाणी सोडलं. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांचा श्वास चालू आहे ना म्हणून.

गुरुजींनी कॉल बंद केल्यावर मी सासूबाईंना कॉफी दिली. कप दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी जवळ होते. शेवटी तिनं ते नाव घेतलं. मी तिचा हात धरला, म्हटलं, आहे आई, इथेच आहे मी. तिनं माझ्याकडे बघितलं. मग हात सोडवून घेतला आणि दाराकडे बघत पुन्हा तेच नाव घेतलं."