मामा आणि ठेक्याची मेट्रो

दौंड जंक्शनात आजवर जितकी इंजिनं तापली नसतील तितके माझे मामा एकटे तापले आहेत. रेल्वेत गँगमन म्हणून त्यांनी जन्म काढला. रूळ रात्री तरी निवतात, मामा निवत नाहीत. त्यांचा राग पाकीटमारावर नाही, पुढाऱ्यावर नाही, ठेक्यावर आहे. कुठलंही काम ठेक्यानं दिलेलं दिसलं की पहिला सवाल, "बिघडलं तर कान कुणाचा धरायचा?" शिरूरला मावसबहिणीच्या लग्नात जेवण नवऱ्याकडचं होतं, भात कच्चा निघाला. वाढपी म्हणाला, आम्ही फक्त वाढतो. आचारी म्हणाला, तांदूळ दुसऱ्याचा. मामा पंगतीतून उठले आणि सगळ्यांदेखत नवरदेवाच्या बापाचा खरोखर कान धरला. "जेवायला ह्यांनी बोलावलं, म्हंजी कान बी ह्यांचाच." ती सोयरीक टिकली ही बहिणीची सोशिकता.

मी खुटबावची, घरातली पहिली पदवीधर. शहरात मेट्रोच्या तिकीट खिडकीवर लागले तेव्हा मामा पेढे वाटत सुटले, "भाची रेल्वेत लागली!" मी म्हणाले, "मामा, मेट्रो सरकारची, पण आम्ही कंपनीचे. ठेक्यावर." मामांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. "गाडी सरकारची आन् माणसं भाड्याची? आपण जात मोडायला शिकलो, ह्यांनी नवी काढली. एकाच गाडीवर परमनंट येगळा, ठेक्याचा येगळा!"

तेव्हा मला हसू आलं होतं. मग ठेका बदलला. जुन्या कंपनीनं निरोप दिला, महिनाअखेर जाकिटं जमा करा. नवी म्हणाली, तुम्हाला आम्ही ओळखत नाही. स्टेशन तेच, खिडकी तीच, गर्दी तीच, फक्त आम्ही कुणाचेच नाही. गाडीला उशीर झाला की लोकांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या, आणि अनुभव विचारला तर म्हणे शून्य!

मी फोनवर मामांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालून स्टेशनात हजर. दारावरच्या गार्डला म्हणाले, "मालक कुठाय?"

"चाचा, हम सिक्युरिटीवाले हैं. हमारी कंपनी अलग."

झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आमचा ठेका येगळा, दादा." सरकता जिना बंद होता, तो दुरुस्त करणारा तिसऱ्याच कंपनीचा. मामा पायरीगणिक एक शिवी हासडत वर आले. वर टाय लावलेले स्टेशन मॅनेजर उभे होते. मामांचे हात शिवशिवू लागले.

मी मध्ये पडले. "मामा, नका! उरलीसुरली आशा बी जाईल."

"तू गप, पोरी. सायेब, तुम्ही तरी सरकारचे का?"

साहेब हळूच म्हणाले, "मामा, मीही हिच्याच कंपनीचा. माझंही आयकार्ड महिनाअखेर जमा."

मामांचा उगारलेला हात तसाच राहिला. मग तो त्यांनी साहेबांच्या खांद्यावर ठेवला आणि माझ्यासाठी आणलेलं धपाट्यांचं फडकं त्यांच्या टेबलावर सोडलं. "खावा. कान धरावा असं हितं कुणी ठेवलंच न्हाई."

नव्या कंपनीनं मला घेतलं, नवखी म्हणून, कमी पगारावर. साहेबांना घेतलं नाही. मी गेले, कारण घर माझ्यावर आहे. लाज वाटत नाही, चीड येते. मामा पुन्हा शहरात आले नाहीत. दौंडात कुणी विचारलं, भाची काय करती, तर सांगतात, "मेट्रो चालवती. तिच्याबिगर डबा हालत न्हाई." डबा माझ्यावाचून हलतो. हे मामांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि कंपनीला तर सगळ्यात चांगलं ठाऊक आहे. तरी मी त्यांना कधी टोकत नाही.